न विचारता वाढायचं

महाडपासून पोलादपुरापर्यंतच्या मुलखात माझ्या आत्याच्या दिरांइतका हट्टी माणूस पुन्हा होणे नाही, आणि त्यांचा तो सगळा हट्ट दुसऱ्याच्या पोटात दोन घास जास्त घालण्यापायी होता. मी त्यांना काका म्हणत असे. डोंगरातल्या गावांतून शिकायला आलेल्या चाळीसेक मुलांचं महाडात एक बोर्डिंग होतं, त्याचं स्वयंपाकघर काकांच्या ताब्यात होतं. मी पुण्याला आहारशास्त्राचा नवा निघालेला वर्ग पुरा केला होता. आता सहा महिने एखाद्या शाळेच्या स्वयंपाकघरात उमेदवारी करायची आणि तिथल्या मुख्याची चिठ्ठी आणायची, म्हणजे दाखला मिळणार होता. आत्या म्हणाली, आमच्या भावोजींकडे जा. मी ट्रंकेत जीवनसत्त्वांवरची दोन जाडजूड पुस्तकं घालून गेलो. काकांनी ती हातात घेऊन तोलून पाहिली आणि उंदीर येऊ नये म्हणून पिठाच्या डब्याच्या झाकणावर ठेवली. सहा महिन्यांत पिठाला उंदीर शिवला नाही, एवढं मला कबूल केलंच पाहिजे.

काकांचा माणसाच्या तोंडावर विश्वास नव्हता. बाजारात कुणी रामराम घातला की ते आधी अंगावर मांस किती ते बघायला त्याचं मनगट चाचपत आणि मग रामराम घेत. एकदा त्यांना कोर्टात कसल्याशा साक्षीला बोलावलं होतं, तर पिंजऱ्यात उभे राहून ते मुन्सफसाहेबांना म्हणाले की साहेबांनी आज न्याहारी केलेली दिसत नाही, साक्ष दुपारी घ्यावी. साहेबांनी दटावलं खरं, पण साक्ष दुपारीच झाली म्हणतात. बोर्डिंगात दर रविवारी धान्याचा मोठा तराजू तुळईला टांगून ते एकेका मुलाला एका पारड्यात बसवत आणि दुसऱ्यात नाचणी ओतत. गणितात कोण नापास झालं हे त्यांना ठाऊक नसे, पण डोंगरमाथ्यावरच्या कुडपणचा कोणता मुलगा गेल्या रविवारपेक्षा अर्धा शेर उतरला ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगत. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि सकाळी पेज, असा त्यांचा बेत वर्षानुवर्षं चाले, आणि माझ्या पुस्तकाने त्यात काढावी अशी खोड मला सापडेना. याचा मला रागच आला होता.

सर्वांत विचित्र सवय ताटांची. पंगत उठली की काका मोरीपाशी उभे राहून जर्मन धातूची ताटं एकेक करून वाचत. ताट लख्ख दिसलं की त्यांचा चेहरा पडे. कुणाच्या ताटात घासभर उरलं असेल तर खूश. अन्न टाकणं पाप आहे, असं हेडमास्तर त्यांना दर महिन्याला समजावीत. त्यावर काका म्हणत की टाकतोय कोण, उरलेलं म्हशीच्या आंबोणात जातं आणि म्हशीचं दूध पुन्हा पोरांच्या ताकात येतं. हेडमास्तर परत जात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा येत.

माझी उमेदवारी चालू असतानाच काकांना हिवताप आला. तीन आठवडे ते आत्याकडे गोधडीखाली थरथरत पडले होते आणि स्वयंपाकघर माझ्या हाती आलं. मी शास्त्रशुद्ध तक्ता केला. ठरल्या मापाने वाढायचं, मग प्रत्येकासमोर जाऊन आणखी हवं का म्हणून अदबीने विचारायचं. मुलं खाली बघत "पुरे" म्हणत. मी वहीत 'तृप्त' लिहीत असे. ताटं चाटूनपुसून स्वच्छ, मुलं तृप्त. मला माझाच अभिमान वाटू लागला होता.

काका काठी टेकत परतले तो रविवार होता. तराजू टांगला आणि एकेका मुलाचं पारडं वर जायला लागलं. जवळपास सगळी मुलं उतरली होती. महिन्याभरात डॉक्टरांची तपासणी ठरलेली, आणि मुलं वाळलेली दिसली तर स्वयंपाकघर मक्त्याने देऊन टाकू, असं बोर्डिंगच्या कमिटीने आधीच सुनावलं होतं. मक्तेदार मोजून दोन भाकऱ्या देणार आणि अर्धी मुलं शाळा सोडून डोंगरावर परत जाणार, हे मलासुद्धा कळत होतं. मी वही पुढे केली. काकांनी पानभर 'तृप्त' वाचलं आणि शांतपणे विचारलं, "तू त्यांना इचारलंस?"

"हो. रोज."

"किती डाव?"

"एकदा."

ते पाटावर बसले. "अरे, वर कुडपणाकडं पाव्हणा तीनदा नको म्हणतो आन् चवथ्यांदा जेवतो. या पोरांच्या आयांनी त्यांना तसंच शिकवून धाडलंय. दुसऱ्याच्या घरी हाव दावायची नाय. पोरगं मरंल, पण मागायचं नाय. ताट लख्ख म्हंजे पोट रितं. तू इचारू नको. वाढ."

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. माझ्या अदबीने चाळीस मुलं तीन आठवडे अर्धपोटी उठली होती. त्यानंतरचा महिना आम्ही दोघांनी जिद्दीला पेटून काढला. काकांच्या पायात उभं राहण्याचं बळ नव्हतं, तर पंगतीत पाट सरकवत सरकवत ते वाढत गेले. कुणी ताटावर हात आडवा धरला तर हातावर भाकरी ठेवून पुढे जात. मीही विचारणं सोडलं. हळूहळू मोरीपाशी येणाऱ्या ताटांत घास उरू लागले, आणि मी हेडमास्तरांसमोर ते आनंदाने मोजले. तपासणीच्या दिवशी सगळी मुलं चढली होती. वरंधचा एक मुलगा तेवढा जिथल्या तिथे राहिला, त्यापायी काका माझ्याकडे नुसते रोखून बघत राहिले आणि आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. पण स्वयंपाकघर राहिलं आणि मुलंही राहिली. निघताना त्यांनी मला चिठ्ठी दिली. तीत एकच ओळ होती: याला आता वाढता येतं.

पुढे मी मुंबईला नोकरीला लागलो. काही वर्षांनी आत्याचं पत्र आलं, भावोजी अन्नाला शिवत नाहीत, ये. काका अंथरुणाला खिळले होते. मनगट माझ्या दोन बोटांत मावत होतं. आत्या दिवसभर विचारून थकली होती, ते मान हलवून नको म्हणत होते. मी वाटीत पेज घेऊन बसलो आणि सवयीने म्हणालो, "काका, थोडी घेता?"

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. वरंधचा मुलगा चढला नाही तेव्हा पाहिलं होतं तसंच.

मग मी काही बोललो नाही. मानेखाली हात घातला आणि वाटी ओठांना लावली. ते प्याले. ती संपली तशी मी दुसरी भरून आणली, तीही प्याले. तिसरी बरीचशी प्याल्यावर त्यांनी तोंड फिरवलं. तळाशी दोन घोट पेज उरली होती. वाटी मोरीवर ठेवायला गेलो आणि कितीतरी वेळ तिच्याकडे बघत तिथेच उभा राहिलो.