पोलादाच्या कडीवरचा थर

कारखान्यातले वेल्डिंगवाले तिच्या खोलीला 'थंड खातं' म्हणायचे. आत ना ठिणगी, ना धूर. धातूची भुकटी तापवलेल्या वाऱ्याबरोबर नळीतून इतक्या जोरात सुटायची, की समोरच्या धातूवर आदळून चपटी व्हायची आणि न वितळताच तिथे घट्ट बसायची. "आत मंत्र म्हणता की काय?" असं मुकादमाने एकदा विचारलं होतं. तिने कानांवरची टोपणं न काढताच मान डोलावली. त्या आवाजात दिवसभर बोलायची सोय नव्हती, आणि नवरा गेल्यापासून घरीही कुणी नव्हतं. टपकणाऱ्या नळाला "पुरे रे आता" म्हणायची, तेवढंच.

सावत्र लेक मात्र रविवारी यायची. तिच्यासाठी नाही, अंगणातल्या मोटरसायकलसाठी. बापाची ती जुनी गाडी लेकीला चालती करून न्यायची होती. कधी चाकात हवा भर, कधी किक मारून बघ. चहा उभ्याउभ्याच.

एका दुपारी लेक कारखान्यातच आली. हातात इंजिनचं झाकण, कोपराला बापाचं हेल्मेट अडकवलेलं. झाकण अ‍ॅल्युमिनियमचं, बोल्टच्या भोकात पोलादाची कडी, आणि कडीभोवती सगळं झिजून गेलेलं. तिथूनच तेल गळायचं. वेल्डिंगवाल्यांनी हात वर केले होते: पातळ आहे, तापलं की वाकेल.

"होईल का, मावशी?"

"होईल."

"बरं झालं. एकदा चालू झाली की नेतेच. तुमच्या अंगणातली अडचण तरी जाईल."

अडचण! त्या अडचणीच्याच जिवावर तिचे रविवार उभे होते.

आधी जागा खरवडून घ्यायची असते. ती वाळूचा फवारा मारायला निघाली, तशी लेकीने झाकण छातीशी धरलं. बाबांनी घासून आणलेली चमक होती ती. "चमकीवर काही बसत नाही गं," ती म्हणाली. लेकीने थोडा वेळ घेतला, पण दिलं.

पाहुण्यांसाठी कानाची टोपणं नव्हती, म्हणून लेक काचेबाहेर हेल्मेट घालून उभी राहिली. आत तिने अ‍ॅल्युमिनियमची भुकटी यंत्रात भरली. अ‍ॅल्युमिनियमवर ती सहज बसणार होती. प्रश्न कडीचा होता. पोलाद कडक, भुकटी मऊ. जोर कमी पडला की कण उडून जातात, नाहीतर वरवर चिकटतात. दिसायला झक्क, पण धरलेलं काही नसतं. दोन-चार महिन्यांत पापुद्रा सुटतो.

दोन-चार महिने. मग एखाद्या रविवारी फाटक वाजेल, "मावशी, पुन्हा गळतंय हो." ते वाक्य तिला लेकीच्या आवाजात, अगदी त्या 'हो'सकट ऐकू आलं.

तिने वाऱ्याची उष्णता उतरवली. उष्णता उतरली की वेगही उतरतो. नळी एकदा फिरवली. थर सुरेख बसला, कुणालाही फसवील असा.

तिने वर पाहिलं. काचेपलीकडे ते भलंमोठं हेल्मेट वाकून बघत होतं. आत लेकीचं डोकं एका बाजूला कललेलं, बापाचं कलायचं तसंच. तेल गळतं ते मागच्या चाकावर. आणि चाक घसरलं की आपटणार ते हेच डोकं.

तिने नळी बंद केली, पातं घेतलं आणि कडीवरचा थर खरवडला. पापुद्रा नखानेही निघावा इतक्या सहज सुटून आला. लेक दारातून डोकावली.

"बिघडलं का?"

"माझंच चुकलं. पुन्हा करते."

कडी नव्याने खरवडली, वारा हवा तितका तापवला, आणि नळी पुन्हा फिरवली. थंड झाल्यावर तिने पातं दाबून बघितलं, मग लेकीच्या हातात देऊन तिलाही बघायला लावलं. पातं घसरलं, थर हलला नाही.

रविवारी लेकीने अंगणात झाकण बसवलं. दुसऱ्या किकला गाडी लागली. दोघी वाकून बघत राहिल्या, थेंबही नाही. लेकीने हेल्मेटचा पट्टा लावला, उतरवला, पुन्हा लावला.

"मावशी, पुन्हा काही झालं तर घेऊन येते."

"काही होणार नाही."

"नाही झालं तर?"

गाडी धडधडत होती. तिने कानाकडे बोट नेलं, जणू ऐकूच आलं नाही. लेकीने मान हलवली आणि फाटकातून वळली. आवाज कोपऱ्यापर्यंत आला, मग पुढे गेला. तिने चहाचे दोन्ही कप विसळले. एकच वापरलेला होता.