टेक्नो ऐकणारे फिटरकाका

काही ऐकायचं म्हटलं की काका आधी चष्मा काढून शर्टाच्या खिशात ठेवायचे. "चष्म्यानं ऐकू कमी येतं," म्हणायचे. आम्ही हसायचो. मग ते डोळे मिटायचे आणि आम्हीही आपसूक गप्प व्हायचो.

नाशिकच्या इंदिरानगरात त्यांच्या आणि माझ्या घरात एकच भिंत. मी लॅपटॉपवर टेक्नो, म्हणजे एकसारख्या ठोक्यांचं नाचायचं संगीत, बनवायची धडपड करत असे. एका दुपारी दार वाजलं. तक्रार असणार म्हणून मी आधीच माफी मागून टाकली. काका म्हणाले, "जय भीम. ते मघाचं ठोक्यांचं परत लाव ना." अंबडच्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर म्हणून त्यांचा जन्म गेलेला. "आम्ही याच आवाजात डबे खाल्ले. लोक यावर नाचतात होय?"

तेव्हापासून रविवारी आमच्या नेहमीच्या चहाच्या टपरीवर तेही येऊ लागले. आम्ही सहा-सात टेक्नोवेडे, आणि ते.

त्या वर्षी चांदवडची एक मुलगी एकाएकी गाजू लागली. तिचा टेक्नो परदेशातल्या महोत्सवांत वाजत होता. ती खरंच एवढी मोठी आहे, की नुसताच गाजावाजा? असे वाद तुम्हीही ऐकले असतील. चहा गार होतो, माणसं तापतात. तिच्या विरुद्ध सगळ्यांत मोठा आवाज माझा. माझं संगीत कोणी ऐकत नव्हतं, हे त्याचं खरं कारण. पण ते तेव्हा कबूल कोण करणार?

तिनं मुलाखतीत सांगितलं होतं, की गाजलेल्या तुकड्यातला ठेका आईच्या पिठाच्या गिरणीत रेकॉर्ड केलाय. मी पोस्ट ठोकून दिली : थाप आहे, आवाज विकतचा आहे. पोस्ट हां हां म्हणता पसरली. लोक तिला नाही नाही ते बोलले.

काकांनी तो तुकडा दोनदा ऐकला. "हा गिरणीचा पट्टा आहे. त्याला जोड आहे. दर फेऱ्याला जोड पुलीवर येतो, तेव्हा टक् होतं. विकतचा आवाज इतका लंगडत नाही."

"कशावरून?"

"चल, बघून येऊ."

दुसऱ्या दिवशी ते बसस्टँडवर गव्हाचा डबा घेऊन उभे. "गिरणीत नुसतं उभं कसं राहायचं? दळण नको?"

चांदवडच्या त्या गिरणीत पत्र्याच्या फटीतून ऊन येत होतं आणि उन्हात पीठ तरंगत होतं. मुलीची आई दळत होती. पट्टा फिरला, आणि टक्. पुन्हा टक्. मला वाटलं, मी त्या तुकड्याच्या आत येऊन उभा आहे. काकांच्या भुवया, मिशा हळूहळू पांढऱ्या होत गेल्या. ते हलले नाहीत.

"पोरगी बारकी व्हती, तव्हा इथंच पोत्यावर निजायची," त्या माउली म्हणाल्या. "गिरणी थांबली का रडत उठायची. आता लोक म्हणत्यात, खोटं बोलती. लय लागलंय तिला."

मी वाकून पिठाचा डबा उचलला.

परतताना बसमध्ये म्हटलं, "पोस्ट काढून टाकतो."

"काढू नको. खाली लिही, मी चुकलो."

लिहिलं. निम्म्यांनी मला विकला गेलेला ठरवलं, आणि वाद पुढे चालूच राहिला. एकानं शेवटी काकांनाच विचारलं, "मग ती एवढ्या कौतुकाच्या लायक आहे की नाही?"

"आवाज खरा आहे, एवढं मी सांगतो. डोक्यावर किती घ्यायचं, ते तुम्ही बघा."

या हिवाळ्यात काका गेले. सकाळी पेपर वाचता वाचता, खुर्चीतच.

महिन्याभरानं ती मुलगी नाशिकला वाजवायला आली. शहराबाहेर एका लॉनवर, संध्याकाळी. मी काकूंना घेऊन गेलो. त्यांनी असलं काही कधी ऐकलं नव्हतं. प्लास्टिकच्या खुर्चीवर पर्स मांडीत धरून बसल्या. डोंगरांमागे ऊन विझत होतं. पुढे चार-पाच मुलं हातवारे करत भांडत होती.

"कशावरून भांडतायत?"

"या मुलीचं एवढं कौतुक करावं का, यावरून. आम्हीही दर रविवारी हेच करायचो."

"आणि हे?"

"काकाही असायचे."

काकू माझ्याकडे वळल्या. "मला तर सांगायचे, पत्ते खेळायला जातो!" आणि त्या हसल्या, काका गेल्यापासून पहिल्यांदाच. हसता हसता पदरानं डोळे पुसले.

"मग, काय ठरलं तुमचं?"

"अजून काहीच नाही."

"बरं," म्हणाल्या, आणि खुर्ची त्या भांडणाऱ्या मुलांच्या आणखी जवळ सरकवली.