डाग्नीसाठी एक उंच चौकट

"ओल्या फोटोवर मत देऊ नये," असं डाग्नी म्हणायची. पाण्यातून नुकताच काढलेला फोटो चकाकतो, उजळ दिसतो. वाळला की रंग खाली बसतो, आणि तेव्हा कळतं की तो खरा कसा आहे. पण हे वाक्य तिनं फोटोपुरतं कधीच ठेवलं नाही. कुणाचं लग्न ठरलं, नवा पाद्री आला, कुणी नवी बोट घेतली, तरी डाग्नीचं एकच, "वाळू दे आधी."

आमच्या गावाच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर वारा. त्या पट्टीवर लोकशाळा आहे. परीक्षा नाही, गुण नाहीत. पोरं सहा महिने राहतात आणि हातानं काहीतरी शिकून जातात. तिथली फोटो धुवायची अंधारखोली डाग्नीनं छत्तीस वर्षं सांभाळली. मी होड्या बांधणारा. होड्यांना गिऱ्हाईक राहिलं नाही तेव्हापासून शाळेच्या प्रदर्शनांच्या चौकटी मी करतो. ओक लाकडाच्या, सांधा दिसू न देता.

त्या वसंतात ऑरहूस शहरातली सिसेल नावाची मुलगी शाळेत आली होती. बाईला वस्तू करून कसं दाखवतात, हा तिचा विषय. सायकलवरून गोठ्यागोठ्यात, जाळी ठेवायच्या शेडमध्ये हिंडून तिनं जुनी कॅलेंडरं शोधली, आणि ती जिथं टांगलेली तिथंच त्यांचे फोटो घेतले. करवत, तेलाचा डबा, चामड्याचा पट्टा, आणि त्याच रांगेतल्या खिळ्यावर एक बाई. मुलीची नजर चांगली होती, हे मी तेव्हाही म्हटलं होतं.

सगळ्यांत मोठा फोटो क्रेस्टेनच्या शेडमधल्या कॅलेंडरचा. दोरखंड आणि डांबर विकणाऱ्या दुकानाचं, सदुसष्ट सालचं. उपड्या होडीवर पोहण्याच्या कपड्यात बसलेली पोरगी, मांडीवर दोराचं वेटोळं. मानेशी कागद संपलेला.

मी मापं घेत होतो. सिसेलनं खाली लावायचा मजकूर डाग्नीला वाचून दाखवला. "कॅमेऱ्यामागच्या पुरुषानं हिचं डोकं कापलं. नाव घेतलं, चेहरा घेतला. उरली ती वस्तू."

डाग्नीनं ॲप्रनला हात पुसले. "चुकलंय."

"कुठं?"

"डोकं पुरुषानं नाही कापलं. मी कापलं."

सिसेल हसली. मग डाग्नीच्या तोंडाकडे पाहून थांबली.

"एकोणीस वर्षांची होते," डाग्नी म्हणाली. "टोफ्ट फोटोग्राफरकडे मदतनीस. फोटोला बसायला ऑल्बोर्गहून यायची ती बाई आलीच नाही. टोफ्ट म्हणाला, 'तू बस.' बसले. नोव्हेंबरचा वारा होता. संध्याकाळी फोटो मोठा करायच्या यंत्राखाली मीच उभी. वडील मिशनच्या प्रार्थनाघरात पहिल्या बाकावर बसायचे. आमच्याकडे तेव्हा नाच नाही, पत्ते नाहीत, रविवारी समुद्रात जाळंसुद्धा नाही. मी कागद सरकवला आणि मानेशी थांबले. टोफ्टला म्हटलं, 'एवढंच छापायचं, नाहीतर निगेटिव्हला कात्री लावते.' तो म्हणाला, 'उलट बरंच दिसतंय की.'"

"म्हणजे तू स्वतःच स्वतःला…"

"मी डोकं वाचवलं, पोरी. बाकीचं गावानं खिळ्याला टांगलं. दहा वर्षं तेच पुरुष दुकानात मला टोपी काढून नमस्कार करायचे, आणि शेडमध्ये जाऊन ते पाय बघायचे."

"तुला हसू नाही यायचं?"

"कधी कधी. बहुतेक वेळा नाही."

सिसेलनं फोटो भिंतीवरून उतरवला. "हा नको. तुला न विचारता मीही पुन्हा तेच टांगायला निघाले होते."

"थांब. ओल्या फोटोवर मत देऊ नये."

"हा तर वाळलाय."

"माझं मत नाही वाळलं अजून."

वडील गेले होते, पण थोरली बहीण राग्ना अजून त्याच बाकावर बसते. रविवारी प्रदर्शनाला ती येणार, क्रेस्टेन येणार, ज्यांच्या शेडमध्ये खिळे आहेत ते सगळे येणार. ते डोकं पुन्हा त्या देहावर ठेवायचं की नाही, हे डाग्नीला एकटीला ठरवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. आत निगेटिव्ह, अख्खं. लाल दिव्याखाली दोघींनी कागद रसायनात बुडवला. आधी होडी आली, मग दोर, मग चेहरा. केस तोंडात गेलेले, नाक ओलं, कपाळाला आठ्या, तोंड उघडं.

"काय ओरडतेयस?" सिसेलनं विचारलं.

"'आटप रे टोफ्ट, बूड गोठलं!'"

सिसेल हसून हसून मोरीच्या कडेला टेकली. डाग्नीनं फोटो दोरीवर चिमट्यानं लावला, दिवा बंद केला, आणि घरी गेली.

सकाळी ती त्या वाळलेल्या फोटोसमोर बराच वेळ उभी होती म्हणे. मग सायकल घेऊन माझ्याकडे आली. "एक चौकट अजून लागेल. उंच."

"किती उंच?"

"डोकं मावेल एवढी."

माझ्या कामाच्या ओट्याच्या वर, भिंतीत एक जुना खिळा आहे. त्यावर काय असायचं ते मी तिला सांगणार होतो. तिनं खिळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "टांगायला तोच घे," म्हणाली. "सरळ आहे अजून."

मी तोच घेतला.

रविवारी कॉफी होती, बदामाचा केक होता. दोन फोटो शेजारी शेजारी. खाली सिसेलचा नवा मजकूर: "डोकं तिनं स्वतः कापलं. का, ते इथं कॉफी पिणाऱ्यांना ठाऊक आहे."

क्रेस्टेन कप धरून उभा राहिला. ऐंशीचा माणूस, कान तांबडे झाले. टोपी काढली. "डाग्नी, तू होतीस?"

"होते."

"आणि मी तुला दर शनिवारी मासे आणून देत होतो."

"ताजे असायचे."

"मी आता काय म्हणू?"

"आज काही म्हणू नकोस, क्रेस्टेन. वाळू दे."

मग राग्ना आली, करड्या कोटाची वरपर्यंत बटणं लावून. उंच चौकटीसमोर ती थांबली.

"एवढ्या थंडीत," राग्ना अखेर म्हणाली, "स्वेटर का नव्हतं घातलंस?"

"तेच तर ओरडून सांगतेय."

राग्नाचे ओठ हलले. हसली असं मी म्हणणार नाही. तिनं बहिणीच्या कॉलरवरचं एक सूत काढलं आणि केकच्या टेबलाकडे गेली.

डाग्नीनं कप ठेवला, डोक्याला रुमाल बांधायला घेतला आणि मग तो खिशातच टाकला. सायकलवर न बसता, ती हातात धरून वाऱ्याच्या दिशेनं निघाली. दारात सिसेल होती, खिडकीशी राग्ना, पायरीवर टोपी हातात घेतलेला क्रेस्टेन, आणि त्याच्यामागे मी. समुद्राच्या बांधाआड आधी सायकल गेली, मग कोट गेला. उघडं, पांढऱ्या केसांचं डोकं तेवढं शेवटपर्यंत दिसत होतं.