मी शनिवारपर्यंत थांबले नाही

मी घात केला तो वानखडे बाईंचा. दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातला पहिला मंगळवार, मधल्या सुट्टीनंतरचा तास, बाळापूरजवळच्या एका गावातली शाळा, आठवीचा वर्ग. इतकं नेमकं मी परवापर्यंत कुणालाच सांगितलेलं नव्हतं. अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या आमच्या संघटनेत नाही, घरी नाही. दुसऱ्यांचे गुन्हे मात्र वार-वेळेसकट छापत आले.

बाई विज्ञान शिकवायच्या. सूर्यमालेचा धडा पुस्तकात चार पानांचा, पण बाईंना त्याला आख्खा आठवडा लागायचा. सायकलच्या दातेरी चकत्या, छत्रीच्या काड्या, शिलाई मशीनच्या रिकाम्या बॉबिन — यांतून त्यांनी तीन मॉडेलं केली होती. सोमवारी पहिलं निघायचं. पृथ्वी मधोमध, सूर्य तिच्याभोवती, आणि ग्रह मोठ्या चक्रावर बसवलेल्या लहान चक्रांवर गिरक्या घेणारे. हे चूक आहे, असं बाई सांगायच्याच नाहीत. पोरं दोन दिवस ते फिरवायची, मंगळ उलटा कधी चालेल ते वहीत मांडायची — आणि बरंचसं जुळायचंही! "ज्यायनं हे केलं ते काय बावळट होते?" बाई विचारायच्या. "हजारावर वर्षं चाललं हे."

मग बुधवारी शुक्र अडायचा. त्या मॉडेलात पृथ्वीच्या जागी डोळा लावला की शुक्राची नुसती कोर दिसते. जवळजवळ पूर्ण गोल शुक्र कधीच दिसत नाही. दुर्बिणीतून तर दिसतो. मग काय करायचं? गुरुवारी दुसरं मॉडेल — ग्रह सूर्याभोवती, पण सूर्य त्या सगळ्यांना घेऊन पृथ्वीभोवती. यात शुक्र बसतो. मग तिसरं हवंच कशाला? शुक्रवारभर त्यावरच भांडण. आणि शनिवारी बाई सूर्य मधोमध ठेवायच्या.

मला हे कसं माहीत? मी त्याच वर्गात शिकले. पहिल्या मॉडेलावर माझा इतका जीव बसला होता की बुधवारी मी रडले होते. बाई म्हणाल्या होत्या, "रडतं काहून वं? तुयं चुकलं नाही. तू पुरं पाह्यलं."

म्हणजे मला माहीत होतं. सगळं माहीत होतं.

त्या मंगळवारी मी ग्रहशांतीविरुद्धची पत्रकं घेऊन शाळेत गेले होते. वर्गाच्या दारातून बाईंचा आवाज आला, "पृथ्वी मधात. मंग सूर्य कोणाभोवती फिरते?" पोरं ओरडली, "पृथ्वीभोवती!" मी मोबाईल काढला. बाईंनी पाहिलं आणि हसल्या. "आली काय वं पत्रकवाली? हे अर्धंच हाये. शनिवारपर्यंत थांबजो."

मी संध्याकाळच्या एसटीनं अमरावतीला परतले.

आमच्या पत्रकाची एक रीत आहे — वर संतापाची ओळ, खाली एक नाव. नाव नसलेल्या पत्रकात लोक फुटाणे बांधतात. त्या आठवड्याचं नाव ठरलेलं होतं. ग्रहशांती करणारा एक महाराज. आमच्याकडे कागद होते, साक्षी होत्या. त्याच्या माणसाचा मला फोन आला. एकदाच. आवाज चढवला नाही त्यानं, फक्त माझ्या घराचा पत्ता वाचून दाखवला. हे मी कुणाला सांगितलं का? नाही. संघटनेच्या बैठकीत मी म्हटलं, महाराज थांबू दे, माझ्याकडे यापेक्षा भारी काही आहे.

आणि व्हिडिओ दाखवला.

छपाईचं पाहणारा नितीन एकटाच घुटमळला. "पुरा तास पाह्यला काय तू?"

"हो. पुरा."

हाच तो गुन्हा. बाकी सगळं त्याच्या पोटातून आलं. 'एकविसाव्या शतकात सूर्य फिरतो पृथ्वीभोवती!' ही ओळ माझी. 'पगार विज्ञानाचा, शिकवण अडाणीपणाची' हीसुद्धा माझी. पत्रक अकोल्यापर्यंत गेलं, व्हिडिओ त्याच्याही पुढे. पालक शाळेवर आले, चौकशी बसली. बाईंनी वह्या दाखवल्या, पण व्हिडिओ पाहिलेल्यांना वह्या कोण वाचून दाखवणार? पुस्तकाबाहेर काही शिकवायचं नाही, असा लेखी हुकूम निघाला. मॉडेलं भंगारात गेली. गावातली टारगट पोरं बाईंना 'मधोमध बाई' म्हणू लागली. त्या एप्रिलमध्ये बाई निवृत्त झाल्या, निरोप समारंभ न घेता.

जानेवारीत संघटनेच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड आलं होतं, आठवीतल्या एका मुलीचं. 'बाईनं आमाले शनिवारी तिसरं मॉडेल दाखवलं. तुमी ते काहून नाई लिवलं?' डाक मीच उघडते. ते कार्ड माझ्या कपाटात आहे.

मागच्या महिन्यात अकोल्याच्या बसस्टँडवर बाई दिसल्या. त्यांनीच हाक मारली. डब्यातली बोरं पुढे केली. म्हणाल्या, "त्या शनिवारी मी तुयी वाट पाह्यली वं."

"काम होतं, बाई." दुसरं खोटं. बोरं मात्र घेतली.

भीती वाटली म्हणून केलं, असं लिहायला हात शिवशिवतो. पण भीती त्या महाराजाची होती, आणि नाव मी बाईंचं छापलं.

नितीनला कालच सगळं सांगितलं. पुढचं पत्रक हेच आहे, आणि खाली नाव माझं आहे. त्याच्यानंतरचं एखादं पत्रक मी चौकात तुमच्या हातात ठेवायला आले, तर मुकाट्यानं घेऊ नका. सगळ्यांसमोर, मोठ्यानं विचारा — शनिवारपर्यंत थांबली होतीस का?