चिठ्ठीवरचा चार

बेसमेंट आवरताना दारूच्या मापांचं जाड पुस्तक सापडलं. दारू म्हणजे पिस्तुलाची. २००८च्या हिवाळ्यात आमचे हे कारखान्यातून रिटायर झाले आणि काडतुसं घरी भरायला लागले. नेमबाजीच्या क्लबातल्या एका जुन्या माणसानं बजावलं होतं, की माप इंटरनेटवरून उचलू नका, दारूच्या कंपनीचं पुस्तक बघा आणि सर्वांत कमी मापानं सुरुवात करा.

ह्यांनी पुस्तकातून माप सांगितलं, ग्रेनमध्ये, म्हणजे जेमतेम अर्ध्या गुंजेएवढ्या वजनात; मी चिठ्ठीवर लिहिलं. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यामुळे आकडा मराठीत.

दुसऱ्या दिवशी चहाला बोलवायला खाली गेले. तेलाचा आणि पितळेचा वास येत होता. हे काट्यावर दारू तोलत होते.

"किती घालताय?"

"आठ ग्रेन. तूच लिहिलंयस."

"मी चार लिहिलाय."

त्यांनी चिठ्ठी दिव्याखाली धरली. चाळीस वर्षं कॅनडात राहून त्यांनी मराठी ४ इंग्रजी 8 म्हणून वाचला होता. दुप्पट दारूनं पिस्तूल हातातच फुटलं असतं.

"अगं, इंग्रजीत लिहायचं ना," ते म्हणाले.

तेव्हा मला चूक माझीच वाटली.

आता वाटत नाही. आज सकाळी दोन्ही शाबूत हातांनी फावड्यानं बर्फ शोव्हल करताना ते माझ्यावर खेकसले. मी खुशाल खेकसू दिलं.