कोपऱ्याचा धडा

मोरोक्कोतल्या साफी बंदरामागे, सार्डिन माशांच्या जुन्या गोदामात बूशऐब वस्तादांचा बॉक्सिंगचा क्लब होता. तिथे नव्या पोराला पहिले आठ दिवस ग्लोव्हज मिळत नसत. आधी कोपरा. समोरचा पडला असं समजायचं, पाठ फिरवायची, लांबच्या कोपऱ्यात जाऊन दोरीला टेकायचं. परत मध्ये यायचं, परत जायचं. पोरं रडकुंडीला येत. "पाडायला काय, गाढवसुद्धा लाथ मारून पाडतं," वस्ताद म्हणत. "पाडून जो कोपरा गाठतो त्याला मी माणूस म्हणतो." मग दुसरा धडा: आपण पडलो तर एक गुडघा टेकायचा, पंचाकडे बघायचं आणि आठ आकडे होईपर्यंत श्वास घ्यायचा. तोवर आपल्याला कुणी हात लावत नाही.

या दुसऱ्या धड्याने त्यांच्या भाच्याचा डोळा घेतला.

मुनीर बहिणीचा मुलगा, वस्तादांच्या हाताखाली वाढलेला, क्लबातला सगळ्यात चपळ. गावात पिंजऱ्यातल्या लढती सुरू झाल्या. तिथे लाथ, बुक्की, पकड, सगळं चालतं. मामाला न विचारता तो एकदा त्यात उतरला. समोर होता अन्वार, बर्फाच्या लाद्या वाहून दंड कमावलेला, बाहेरगावच्या पिंजऱ्यांत सात वर्षं लढलेला. दुसऱ्याच मिनिटाला मुनीर पडला आणि सवयीने गुडघा टेकून, हात खाली सोडून, पंचाकडे बघत राहिला. पिंजऱ्यात कोण मोजतंय? अन्वारने आणखी तीन ठोसे मारले. मुनीरच्या डाव्या डोळ्याला आता उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो.

पिंजऱ्याच्या नियमाने अन्वारचं काहीच चुकलं नव्हतं. पण गडी तेवढ्यावर थांबला नाही. चहाच्या दुकानात त्याने गुडघा टेकून, मान वर करून मुनीरची नक्कल केली. "मोजणीची वाट बघत होता हो! वस्तादांनी पोराला नमाज शिकवला की मारामारी?" दुकान खो खो हसलं. ते हसू तासाभरात गोदामापर्यंत पोचलं आणि त्या दिवशी बूशऐबनी डूख धरला.

दोन वर्षांनी अन्वार स्वतःच दारात आला. कासाब्लांकात त्याला व्यावसायिक बॉक्सिंगची लढत मिळाली होती, आणि परवान्यासाठी मान्यताप्राप्त शिक्षकाची सही लागत होती. साफीत तसा शिक्षक एकच.

"वस्ताद, झालं गेलं विसरा," तो म्हणाला. "लाथा वजा केल्या की बॉक्सिंगच उरतं ना? हात तर माझे आहेतच."

"हात आहेत. बाकीचं बघू," बूशऐब म्हणाले आणि सही केली.

चहाच्या दुकानात वादाला उधाण आलं. पिंजऱ्यातला गडी बॉक्सिंगमध्ये टिकेल का? मासे विकणारे म्हणाले, पहिल्याच फेरीत धाप लागेल. न्हावी म्हणाला, अंगात रग असली की सगळं जमतं. एका गोष्टीवर मात्र एकमत होतं: बूशऐबचं काळीज समुद्राएवढं आहे.

काळीज कसलं! केसाने गळा कापायचा होता त्यांना. अन्वारला नियम ठाऊक होता, तो कुणाला नसतो? पण डोक्याला ठाऊक असणं वेगळं, अंगाला ठाऊक असणं वेगळं. माणूस पडला की त्याच्यावर झेपावायचं, हे अन्वारच्या अंगात नऊ वर्षं मुरलं होतं. ते काढायचा उपाय एकच होता, कोपरा. आणि कोपरा वस्ताद त्याला शिकवणार नव्हते. सगळ्या मोरोक्कोसमोर तो पडलेल्याला मारेल, पंच त्याला हाकलून देईल, आणि मग नकला त्याच्या निघतील.

त्यासाठी आधी अन्वारला समोरच्याला पाडता यायला हवं होतं. म्हणून त्यांनी जीव ओतून शिकवलं. फाकलेले पाय आवळावेत म्हणून घोट्यांना सुतळी बांधली. लाथ अडवायच्या सवयीने हात खाली येत, तेव्हा काखेत पावाचे तुकडे धरायला लावले. यकृतावर मारायचा डावा ठोसा शिकवला, जो त्यांनी मुनीरसाठी राखून ठेवला होता. सरावात कुणी पडलं की ते स्वतःच चटकन घंटा वाजवत, म्हणजे पुढचा प्रश्नच उरत नसे.

एरवी घंटेवर मुनीर बसे. एका डोळ्यानेही त्याला पुष्कळ दिसत होतं.

"मामा, त्याला कोपरा शिकवायचा राहिलाय."

"शिकवेन."

"मला तर पहिल्या दिवशी शिकवलास."

"शिकवेन म्हटलं ना! तू घंटा बघ."

लढत रविवारी दुपारी होती. अन्वारच्या कोपऱ्यात बूशऐब, आणि पाण्याची बादली धरायला मुनीर. समोर केनित्राचा तौफीक, एकवीस वर्षांचा. त्याचे शिक्षक जिलाली म्हणजे बूशऐबचे तरुणपणचे दोस्त. त्यांनी येऊन गळामिठी मारली. "तुझा गडी राक्षस दिसतोय रे, माझ्या पोराला जपून!" बूशऐब हसले. पंचाने नेहमीच्या सूचना पुटपुटल्या. अन्वारने मान डोलावली.

तिसऱ्या फेरीत तो डावा ठोसा बसला. इतका नेटका की बूशऐबच्या तोंडून "वाह!" निघून गेलं. तौफीक कळवळून खाली आला. त्याने एक गुडघा टेकला, हात खाली सोडले आणि आठ आकडे मिळणार या भरवशाने पंचाकडे मान वर केली.

अन्वार झेपावला. एक. दोन. तीन.

पंचाने त्याला मागे ओढलं, दोन्ही हात हवेत हलवून त्याला बाद ठरवलं आणि लढत संपवली. लोक उठून शिव्या देऊ लागले, बाटल्या पडू लागल्या. बूशऐबना दोन वर्षांत चढली नव्हती अशी नशा चढली. मिळालं! जसं हवं होतं तसंच मिळालं!

मग त्यांना जिलाली दिसले. ते दोरीखालून सरपटत आत गेले होते, तौफीकचं डोकं मांडीवर घेऊन त्याच्या डोळ्यावर टॉवेल दाबत होते आणि ओरडत होते, "बघ माझ्याकडे, बाळा, बोटं किती सांग!" दोन वर्षांपूर्वी, बातमी कळताच धावत जाऊन, पिंजऱ्याच्या फरशीवर बसून बूशऐब हेच ओरडले होते. पडणारा कुणीतरी असणार, त्यालाही मामा असेल, हा हिशेब त्यांनी केलाच नव्हता.

अन्वार कोपऱ्यात आला. चेहरा राखेसारखा झाला होता. "ठाऊक होतं मला, वस्ताद. हातांनी ऐकलं नाही. तुमचं नाव घालवलं मी." आणि वडीलधाऱ्यांचं घेतात तसं त्याने वाकून त्यांच्या डोक्याचं चुंबन घेतलं.

बूशऐबना त्याला ढकलताही येईना.

मुनीरने बादली खाली ठेवली. अन्वारकडे त्याने बघितलंही नाही. चांगल्या डोळ्याने तो रिंगणातल्या पोराकडे बघत होता.

"मामा," तो म्हणाला, "त्या पोराला काय सांगू? तुझा डोळा कुणी घेतला म्हणून सांगू?"