ताऱ्याची ऊब

सोसायटीच्या गणपतीचा देखावा यंदा मी करणार, असं मी मीटिंगमध्ये जाहीर करून टाकलं तेव्हा कुणी हरकत घेतली नाही. विषय सांगितल्यावर मात्र सगळे एकमेकांकडे बघायला लागले. दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह, आणि तिथे जीवसृष्टी असेल का.

"मॅडम, एक एलियन तरी ठेवा," सेक्रेटरी म्हणाले. "पोरं सेल्फी कशाबरोबर काढणार?"

"सापडला की ठेवते," मी म्हटलं. मी कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि माझा तिरसटपणा अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक आहे, त्यामुळे विषय तिथेच संपला.

खरं तर हा खटाटोप आईसाठी होता. काचबिंदूने तिची नजर पूर्ण गेली. त्याआधी ती पेपर वाचता वाचता मला भंडावून सोडायची. नवा ग्रह सापडल्याची बातमी आली की तिथे पाणी आहे का, हवा आहे का, कुणी राहत असेल का. नजर गेली आणि प्रश्नच बंद झाले. मी बातम्या वाचून दाखवायचे, ती "असेल" म्हणून कूस बदलायची. मला तिचा राग यायचा, मग रडू यायचं. तिला पुन्हा प्रश्न विचारायला लावायचंच, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

तारा म्हणून जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब घेतला. तो डोंबिवलीत मिळेना, कल्याणहून आणला. मूर्तीमागचं चक्र फिरवायची मोटर मिळते, तिला काठी जोडून टोकाला काळा चेंडू लावला. असे ग्रह सहसा थेट दिसत नाहीत. ग्रह समोरून गेला की ताऱ्याचा उजेड किंचित कमी होतो, त्यावरून ते ओळखतात. समजायला सोपं जावं म्हणून मी चेंडू बल्बएवढा घेतला. समोर उजेड मोजणारा मीटर ठेवला; उजेड घटला की त्याचा काटा खाली यायचा आणि आईसाठी बझर वाजायचा.

पहिल्या संध्याकाळी आरतीचं तबक फिरलं आणि लोक देखाव्याकडे वळले. सगळ्यात पुढे असलेल्या काकूंनी बल्बवर दोन्ही तळवे धरले आणि चेहऱ्यावरून फिरवले. मागच्यांनी ते बघितलं आणि रांगच लागली. कुणीतरी मीटरपुढे दहाची नोट ठेवली. टाळ-झांजांत बझर कुणाच्या कानावर गेला नाही, काट्याकडे तर कुणी ढुंकूनही बघितलं नाही. माझं डोकं फिरलं.

"अहो, ही आरती नाहीये, तारा आहे."

"असू दे ना मॅडम, देवाजवळच आहे," म्हणत सेक्रेटरींनीही आरती घेतली.

'कृपया आरती घेऊ नये' असा बोर्ड करायला मी पुठ्ठा घेतला, आणि थांबले. हे सगळे ऊब घेत होते. चेंडू मधे आला की ऊबही कमी होणार, आणि त्यासाठी डोळे लागत नाहीत. मी बझर काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंडप रिकामा असताना आईला म्हटलं, "चल."

"मी काय बघणार तिथे?"

"बघायचं नाहीये. आरती घ्यायचीय."

तिला खुर्चीत बसवून मी तिचे तळवे बल्बसमोर धरले. चेंडू दोनदा येऊन गेला. "नुसतं गरम लागतंय गं," म्हणत ती हात मागे घ्यायला लागली. मी मनगटं सोडली नाहीत. पंखा बंद केला, खुर्ची पुढे ओढली. "अजून थांब."

तिची बोटं ताठ झाली. "गेलं काहीतरी." थोड्या वेळाने, "परत गेलं." आता मी हात सोडले. ती आपली आपण तळवे धरून बसली आणि काही फेऱ्यांनंतर चेंडू यायच्या आधीच "आता" म्हणायला लागली.

"हाच तुझा ग्रह?"

"हाच. शास्त्रज्ञांनाही बहुतेक वेळा एवढंच कळतं."

आई माझ्या आवाजाच्या दिशेने मान वळवून म्हणाली, "तिकडे कुणी असलंच, आणि आपल्या सूर्यापुढे असेच हात धरून बसलं असलं, तर आपण समोरून गेलेलं त्यांना कळेल?"

"नेमके रेषेत असतील तर कळेल."

"मग रेषेत कुठले तारे येतात?"

मला ते माहीत नव्हतं. "शोधून सांगते," मी म्हटलं.

"आजच सांग," आई म्हणाली.